स्वागताध्यक्षांचे भाषण



स्वागताध्यक्षाने प्रथम यजमान नगराचा इतिहास सांगावा आणि मग निवास-भोजनातील उणिवांबद्दल आगाऊ क्षमा मागावी, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. यांतील पहिले कलम मी वगळतो, कारण पुण्याचा इतिहास पुणेकर सांगू लागला की परिषदच तहकूब करावी लागेल. आणि वाचलेला वेळ, आयुष्यभर रसायनशास्त्र शिकविल्याच्या हक्काने, आपल्या विषयावर खर्च करतो.

क्वार्ट्झच्या चौकोनी कुपीतील डी.एन.ए.चे द्रावण सावकाश तापवीत गेले असता डोळ्यांस काहीही दिसत नाही. पाणी पाण्यासारखेच राहते. परंतु २६० नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार किरण त्यातून सोडला, तर बराच वेळ स्तब्ध असलेला शोषणाचा काटा एका ठरावीक तापमानापाशी एकाएकी हलतो, आणि मोजक्याच अंशांत सुमारे ४० टक्क्यांची चढण संपवून पुन्हा स्वस्थ बसतो. तेवढ्या अवकाशात त्या दुपेडी गोफाचे दोन्ही पेड सुटे झालेले असतात. हे तापमान ग्वानिन-सायटोसिनच्या प्रमाणाबरोबर सरळ रेषेत वाढते, असे मार्मर आणि डोटी यांनी १९६२ साली दाखविले, तेव्हा आम्हां रसायनवाल्यांना दावा निकालात निघाल्यासारखे वाटले: या जोडीस तीन हायड्रोजन-बंध, ॲडेनिन-थायमिनच्या जोडीस दोन, सबब पहिली अधिक चिवट. ही हकीकत निम्मीच होती. पेड एकत्र राखण्यात आडव्या बंधांपेक्षा एकावर एक रचलेल्या जोड्यांच्या आपसांतील आकर्षणाचा वाटा मोठा, हे पुढे उघड झाले. पाठ्यपुस्तकांतून मात्र जुनेच उत्तर अद्याप सुखाने नांदते आहे.

भौतिकीच्या पंडितांची तक्रार निराळीच होती. काटा चढतो कशाने, यापेक्षा तो इतका एकाएकी का चढतो, हे त्यांना छळत होते. कारण ज्या एकमितीय साखळीत प्रत्येक कडीचा व्यवहार निकटच्या शेजाऱ्याशीच चालतो, तीत खरे प्रावस्थांतर घडूच शकत नाही, हा सांख्यिकीय यामिकीचा जुना दंडक, आणि डी.एन.ए. तर दिसावयास साखळीच. पोलंड आणि शेरागा यांनी १९६६ मध्ये वाट काढली ती अशी, की मधल्या जोड्या सुटून जो फुगीर फास तयार होतो, त्याच्या दोन्ही मोकळ्या बाजूंना अखेरीस पुन्हा एकत्र यावेच लागते, ही अट फासाची मोकळीक त्याच्या लांबीच्या एका घाताने कमी करते, आणि त्यामुळे दूरदूरच्या जोड्याही एकमेकींत गुंतून तो दंडक येथे लागूच पडत नाही. मग सारा वाद त्या एका घातांकावर येऊन ठेपला: तो १ च्या वर नसेल तर संक्रमण नाही, १ ते २ च्या दरम्यान असेल तर ते अखंड, आणि २ ओलांडील तर एकदम. फास स्वतःलाच छेदू शकतो असे मानले तर तो दीड भरतो. छेदू शकत नाही हे लक्षात घेऊन फिशर यांनी त्याच वर्षी तो सुमारे १.७६ वर नेला; आणि फासाला उरलेल्या साखळीचीही अडचण होते, हे काफ्री, मुकामेल व पेलिती यांनी २००० साली हिशेबात धरताच तो सुमारे २.११ झाला. एवढ्याशा सरकण्याने संक्रमणाची जातच पालटावी, यासारखा रम्य प्रसंग माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.

तथापि सिद्धांतकारांस एक अर्ज आहे. प्रत्यक्षातील रेणू अनंत लांबीचा नसतो, त्यातील अक्षरांची रचना विषम असते, आणि म्हणून लांब रेणूचा काटा पुष्कळदा पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. त्या वक्रातून घातांक काढून दाखविणे हे घातांक सिद्ध करण्याहून फार निराळे काम आहे, आणि त्याची कैफियत प्रयोगकारांकडून ऐकल्याखेरीज पुढे जाऊ नये. उष्णतेऐवजी ओढीने पेड उलगडण्याचा सिद्धांत भुवनेश्वरच्या सोमेंद्र मोहन भट्टाचार्जी यांनी २००० साली मांडला. त्यात सुमारे १५ पिकोन्यूटनांची ओढ प्रयोगात थेट मोजता येत असल्याने दोन्ही पक्षांची भेट लवकर घडते, म्हणून ती बैठक आम्ही मुद्दाम पहिल्याच दिवशी ठेविली आहे.

आता दुसरे कलम. निवासाच्या खोल्या लहान आहेत, भोजनात तिखट बेताचे घालण्याचे फर्मान आचाऱ्यास दिलेले असले तरी त्याची तामिली होईलच असे नाही, आणि सभागृहात फळा एकच आहे. खडू मात्र मुबलक आणविला आहे. आपण सर्वांनी आमचे स्वागत गोड मानून घ्यावे, आणि अध्यक्षमहाशयांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.