आवाजाचा उंबरठा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



मी बी.ए. झालेला, केंद्र सरकारच्या सेवेत फायली हाताळीत आलेला मनुष्य. ध्वनिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही आज त्याविषयी बोलण्याचे धाडस करतो. आपल्या गणेशोत्सवातील नाटके, कीर्तने व भजने यांच्या जुन्या फिती संगणकावर उतरवून घेण्याचे ठरले आहे, आणि त्या वेळी ‘सर्व आवाज एकसारखा मोठा करून घ्यावा’ अशी सूचना आली आहे. सूचना सद्भावनेची आहे. परंतु तिची किंमत मी स्वतः मोजलेली आहे.

१९८८ साली घरच्या लहानशा कॅसेट-यंत्रावर मी आईच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. त्या ऐकताना एक गंमत जाणवे. आई थांबली की छताचा पंखा घोंघावू लागे, आणि तिने सूर लावताच पंखा गप्प होई. वस्तुतः पंखा एकाच गतीने फिरत होता! तसल्या यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप राखणारी योजना असे. शांतता झाली की यंत्र आपला कान ताणी, आवाज आला की आवरून घेई.

याच क्रियेला तंत्रज्ञ ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात. (संगणकावरील फाइल लहान करण्यालाही हाच शब्द आहे, ते प्रकरण निराळे.) समजा, आवाजाच्या कळीवर एक तत्पर मनुष्य हात ठेवून बसला आहे आणि त्याला एक उंबरठा आखून दिला आहे. आवाज उंबरठ्याच्या आत असेतो तो स्वस्थ असतो. ओलांडताच कळ खाली करतो. चारास एक असे प्रमाण ठरविले, तर उंबरठ्यावर १२ डेसिबेल चढू पाहणारा आवाज ३ डेसिबेलच चढतो. मोठा आवाज असा दबला की सगळेच वर उचलता येते, आणि हळू आवाज मोठ्याच्या शेजारी येऊन बसतो. हात फार चपळ असेल, तर पखवाजाच्या थापेचा पहिला तडाखाच बोथट होतो. सोडताना घाई झाली, तर दोन थापांच्या मध्ये तंबोरा धाप लागल्यासारखा फुगतो.

हा मनुष्य आपला शत्रू मात्र नव्हे. येथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, आणि त्या सुमारास आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना रात्री रेडिओवर नागपूर केंद्र लागले म्हणजे माहेर भेटल्यासारखे होई. नागपूर येथून अडीचशे किलोमीटरांहून दूर. मध्यम लहरींवर हळू शब्द खरखरीत बुडू नये आणि मोठ्या शब्दाने प्रक्षेपकाची मर्यादा ओलांडू नये, म्हणून आवाज दाबूनच पाठवावा लागतो. मोटारीत, स्वयंपाकघरात, मोबाइलवर आजही ही योजना उपकारकच आहे.

पण जतन करावयाच्या प्रतीत तिला स्थान नाही. काही वर्षांपूर्वी ती कॅसेट मी एका ओळखीच्या गृहस्थाकडे ‘आवाज मोठा करून द्या’ म्हणून दिली. त्यांनी दिला. आधीच यंत्राने थोडे दाबलेले, त्यावर हे आणखी. आईचा गळा, तिचा श्वास, बांगड्या, पंखा, सारे एका उंचीवर आले. ओवीच्या अखेरीस ती आवाज हलकेच खाली सोडीत असे. तो उतार नाहीसा झाला. मूळ कॅसेट पुढे बुरशीने गेली. कळ केव्हा व किती फिरविली याची नोंद राहत नाही, त्यामुळे दाबलेले पूर्ववत उलगडता येत नाही. दोष माझाच, मागणी माझी होती.

जागेची अडचणही नाही. १६ बिटांच्या नोंदीत सुमारे ९६ डेसिबेलांचा पल्ला मावतो. घरगुती फितीवरील चढउतार त्याहून पुष्कळच कमी. म्हणून माझी विनंती अशी की, एक प्रत कळीला हात न लावता करावी आणि ती दोन ठिकाणी ठेवावी. उत्सवात लावण्यासाठी दुसरी प्रत हवी तेवढी दाबावी.

एका कीर्तनाच्या फितीवर बुवा क्षणभर थांबले असता मागे एक तान्हे मूल रडते. ते मूल आज या सभागृहात बसले आहे, असे त्याच्या मातोश्रींनी मला सांगितले. ती फीत आधी घ्यावी, आणि ते रडणे आहे तेवढेच लांब राहू द्यावे.