राऊटर फेकण्याआधी

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या ऑफिसातला वायफायचा राऊटर बंद पडला. तो पुन्हा चालू करायला आम्ही काय काय केलं, ते आज सांगतो. असा डबा आता बऱ्याच गटांकडे आहे, म्हणून.

राऊटर स्वतःचं सॉफ्टवेअर अपडेट करत होता आणि नेमकी लाईट गेली. लाईट आल्यावर पॉवरचा दिवा तेवढा लागला. मोबाईलवर वायफायचं नावच दिसेना. तेव्हा सहा गटांच्या कर्जाचे प्रस्ताव बँकेला ऑनलाईन पाठवायचे होते आणि हातात चार दिवस. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर स्कॅन केलेली पानं चढता चढता तुटायची. तालुक्याच्या दुकानात विचारलं, तर म्हणाले, "ताई, त्याची वीट झाली. नवा घ्या." अठराशे रुपये! विठोबाच्या पायाखालची वीट तरी कामाची, ही नुसती कपाटावर.

पण अठराशे म्हणजे आमच्या अठरा बायांची महिन्याची बचत. म्हटलं, आधी बघू तरी.

पहिल्यांदा अ‍ॅडाप्टर बदलून पाहिला. कधी कधी राऊटर चांगला असतो, अ‍ॅडाप्टरच गेलेला असतो. दुसरा लावताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. मग मागचं रीसेटचं बारीक बटण पिनेने दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं. काही झालं नाही.

आता हे समजून घ्या. राऊटरच्या आत दोन प्रकारचं लिखाण असतं. एक मोठं, रोजचं काम करणारं. ते अपडेट होताना अर्धवट राहिलं, म्हणून राऊटर जागा होईना. दुसरं अगदी छोटं, त्याला बूटलोडर म्हणतात. ते सहसा शाबूत राहतं. घर पडलं तरी उंबरा राहतो, तसं. हा बूटलोडर वायरीतून नवी फाईल मागून घेऊ शकतो.

गटातल्या एका सूनबाईंनी कॉम्प्युटरचा कोर्स केलाय. राऊटरच्या पोटाखालच्या चिठ्ठीवरून मॉडेल आणि व्हर्जनचा आकडा त्यांनी लिहून घेतला. नाव तेच आणि व्हर्जन वेगळं असेल तर ती फाईल चालत नाही, उलट असलेलंही बिघडतं. शाळेजवळ रेंज येते. तिथे बसून कंपनीच्या साइटवरून फाईल उतरवली; काही एमबीचीच असते. आमच्या राऊटरला लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.६६ असा लागत होता आणि फाईलला ठरावीक नाव. प्रत्येक मॉडेलचं हे वेगळं असतं, आमचा आकडा उचलू नका. लॅपटॉपवर टीएफटीपीचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालू केला, लॅनची वायर जोडली, रीसेट दाबून धरला आणि मग पॉवर दिली.

दोनदा काहीच झालं नाही. लॅपटॉपचा फायरवॉल, म्हणजे त्याचा राखणदार, राऊटरला दारातच अडवत होता. थोड्या वेळापुरता तो बंद केला. तिसऱ्यांदा फाईल सुर्रकन गेली. मग पाच मिनिटं कुणी वायरीला हात लावायचा नाही, अशी सूनबाईंची ताकीद! आमच्या अध्यक्षताई तर दारात उभ्या, कुणी आत येऊन बटण दाबेल म्हणून. एकेक दिवा लागला. कारखान्यातून आल्यासारखा कोरा झाला होता, म्हणून इंटरनेटचं युजरनेम आणि पासवर्ड नव्याने घालावा लागला. तो रजिस्टरात लिहिलेला होता. फायरवॉल लगेच पुन्हा चालू केला.

बूटलोडरच गेला असता, तर डबा उघडून चिपवर काम करावं लागलं असतं. स्वस्त राऊटरला तो खर्च परवडत नाही. तेव्हा मात्र नवाच घ्यावा.

सहाही प्रस्ताव त्याच रात्री गेले. पुढच्या बैठकीत राऊटरला छोटा यूपीएस घ्यायचा ठराव झाला, आणि अपडेट लाईटचं वेळापत्रक बघूनच करायचं ठरलं.