वैशाखातले घर आणि आपला समाज





आजच्या व्याख्यानाचा विषय 'गारवा' आहे हे ऐकून काही मंडळी मनात हसली असतील. समाजापुढे शिक्षण, नोकरी, जमीन, अत्याचार असे प्रश्न उभे असताना हा गारवा कोठून आला? परंतु आपल्या वर्षाकडे पाहा. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, वैशाख पौर्णिमेला बुद्धजयंती. आपले दोन्ही मोठे सण ऐन उन्हाळ्यात येतात. दहावी-बारावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि प्रवेश परीक्षा त्यानंतर एप्रिल-मेमध्ये. त्या दिवसांत शहापूर-मुरबाडकडे पारा चाळिशी ओलांडतो. समुद्राचा वारा आमच्याकडे पोचता पोचताच दमलेला असतो. तेव्हा ज्या मुलाला पत्र्याखाली बसून अभ्यास करायचा आहे, त्याच्यासाठी गारवा ही चैन राहत नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली एक हिशेब मांडला होता. जगातील अतिउष्ण भागांत राहणाऱ्या २८० कोटी लोकांपैकी केवळ ८ टक्के लोकांकडे एअर कंडिशनर होता. उरलेल्या ९२ टक्क्यांत आपण आलो. यावर 'सर्वांना एसी द्या' असे उत्तर कोणी देईल, तर ते आम्हाला पटत नाही. एसी खोलीतील उष्णता बाहेर फेकतो आणि ती शेजाऱ्याच्या खिडकीशी जाते. त्यातील वायू सुटले तर पृथ्वीचे तापमान वाढवतात, म्हणूनच २०१६ साली किगाली येथे ते कमी करण्याचा करार झाला. भारत सरकारने मार्च २०१९ मध्ये शीतकरणाचा जो राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, त्यातही यंत्राइतकाच भर इमारतीच्या बांधणीवर आहे. म्हणून आपणही प्रथम घराकडे पाहू.

आपल्या भागातील जुने घर म्हणजे कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर पेंढा किंवा कौले, पुढे पडवी. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई, माळ्यामुळे ऊन थेट डोक्यावर येत नसे. आता कोणी पर्यावरणवादी पाहुणे येतात आणि 'किती छान, किती थंड घर!' म्हणून फोटो काढतात. त्यांना आमचे नम्र सांगणे असे की, त्या घरात दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागे, विंचू-साप पडत, आणि गावकुसाबाहेरचे ते घर आमच्या वाडवडिलांच्या हीनदशेची खूण होते. रमाई आवास योजनेतून नवबौद्ध कुटुंबाला विटा-सिमेंटचे घर मिळते, त्या दिवशी त्या घरातील म्हातारीच्या डोळ्यांत पाणी येते. ते पाणी खरे आहे. मातीच्या घरात परत जा, असे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही.

पण अभिमानाचे घर भट्टी का व्हावे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पत्रा पातळ असतो. तो तासाभरात तापतो आणि सगळी धग खाली सोडतो. स्लॅबचे उलटे. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आत ओकतो, म्हणून रात्री अकरालाही अंथरुणाला पाठ लागत नाही. सरकारी अनुदानाच्या रकमेत भिंती आणि छप्पर कसेबसे बसते. छपराखाली काय असावे याचा विचार त्यात नसतो. या घरात दिवसभर कोण असते? पुरुष कामावर जातो. चुलीपाशी बाई असते, झोळीत मूल असते, कोपऱ्यात म्हातारी माणसे असतात.

यावरचा स्वस्त उपाय अहमदाबादने करून दाखवला. २०१० सालच्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत तेथे फार माणसे दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्माघात प्रतिबंधाचा आराखडा केला, आणि पुढे झोपडवस्तीतील छपरांना पांढरा रंग देण्याचे काम महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी हाती घेतले. पांढरे छप्पर ऊन परतवून लावते. त्यामुळे घरातील तापमान २ ते ५ अंशांनी उतरते, असा अनुभव आहे. तेलंगणाने तर २०२३ साली यासाठी स्वतंत्र धोरणच आखले. आपल्याकडे मात्र पाऊस दांडगा. स्लॅबला किंवा सिमेंटच्या पत्र्याला चुना आणि चिकट द्रव्य मिसळून लावले, तरी एका पावसाळ्यात ते बरेचसे धुऊन जाते. म्हणून हे काम दरवर्षी होळीच्या आधी करायचे. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही, त्याला पांढरा रंगच हवा. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे छत केले तर आणखी उत्तम. फक्त विजेच्या तारा त्याला टेकू देऊ नका.

आता पंख्याविषयी. आम्ही बँकेतली माणसे, आकडे मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट होतात. नव्या पद्धतीचा, बीएलडीसी मोटरचा पंखा साधारण ३० वॅट घेतो. त्याचे युनिट होतात ११. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो, हे ध्यानात घेतले तर तीन पंख्यांच्या घरात हा फरक किती मोठा आहे ते कळेल. किंमत मात्र साध्या पंख्याहून बरीच अधिक. ती एकरकमी देणे जमत नाही म्हणून गरीब माणूस स्वस्त पंखा घेतो आणि वर्षानुवर्षे महाग वीज भरतो. येथे महिला बचत गटांनी लक्ष घालावे. लग्नाच्या मांडवासाठी कर्ज मागणारे आम्ही रोज पाहतो, छपरासाठी मागणारा अपवादानेच दिसतो!

विजेचा प्रश्न बाबासाहेबांना परका नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर मंत्री होते, आणि वीज व पाटबंधारे यांचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, असा आग्रह त्यांनी १९४३ सालीच धरला होता.

आणि पाणी? माठ गार करायलाही पाणी लागते. तानसाचे पाणी मुंबईला १८९२ पासून जाते, भातसाचेही जाते. त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या एसी कार्यालयातील कूलरमधले पाणी आमच्या डोंगरातले, आणि आमच्या बायांच्या डोक्यावर दोन-दोन हंडे! चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला, त्याला शंभर वर्षे होत आली तरी पाण्याची वाटणी हा विषय जुना झालेला नाही.

वाटसरूला सावली आणि पाणी देणे ही आपल्या परंपरेतली गोष्ट आहे. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खोदल्या, हे त्याच्या स्तंभलेखात नोंदलेले आहे. आमच्या मुरबाडच्या वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून जा. सातवाहन काळातील लेणे आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आजही तेथे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढणाऱ्या व्यापाऱ्याची जी सोय होती, ती आज मुरबाडच्या अनेक एसटी थांब्यांवर नाही.

मिरवणुकीचेही बोलले पाहिजे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखोंचा समुदाय भर दुपारपर्यंत उघड्या मैदानात बसला होता. उष्माघाताने १४ जण गेले. श्रद्धेने आलेली माणसे होती ती. आपल्या जयंतीची मिरवणूक दुपारी बाराला काढण्याचा हट्ट काही ठिकाणी अजून आहे. ती सायंकाळी पाचनंतर निघावी, लेझीमच्या मुलांना दर चौकात पाणी आणि मीठ-साखरेचे सरबत मिळावे. डीजेच्या खर्चातून एवढे सहज निघते. कोणाला चक्कर आली, अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

अखेरीस एक ठोस सूचना. विहाराच्या अभ्यासिकेचे छप्पर पत्र्याचे आहे. दुपारी एक ते चार तेथे कोणी बसत नाही. मुले बाहेर पिंपळाखाली पुस्तके घेऊन बसतात. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला आपण ते छप्पर पांढरे करू. रंगाची वर्गणी सचिवांकडे द्यावी. दोन शिड्या लागतील, एक आम्ही आणतो. आत आणि बाहेर एकेक तापमापक टांगून विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी रंग देण्यापूर्वी आठ दिवस व नंतर आठ दिवस दुपारी तीनचे आकडे वहीत लिहावेत. ती वही घेऊन आपण ग्रामपंचायतीत जाऊ आणि पुढच्या घरकुलांच्या यादीसोबत पांढऱ्या छपराची मागणी लेखी देऊ.

जय भीम.