वेल्डरच्या हाताचा हिशेब

(कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



युद्धनौकेच्या नौदलातील समावेशाचा विधी मोठा देखणा असतो. कप्तान अधिकारपत्र वाचून दाखवितो, राष्ट्रगीताच्या सुरांत नौदलाचा ध्वज प्रथमच चढतो, डोलकाठीवर एक लांब निमुळती पताका फडकते आणि नौका नौदलाच्या सेवेत रुजू होते. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत पंतप्रधानांच्या हस्ते ‘सुरत’ ही विनाशिका, ‘निलगिरी’ ही फ्रिगेट व ‘वाघशीर’ ही पाणबुडी अशा तिघींचा समावेश एकदमच झाला. तिन्ही माझगाव गोदीत बांधलेल्या. ‘सुरत’ आणि ‘निलगिरी’ यांत ७५ टक्के देशी घटक आहेत, असे सरकारतर्फे सांगण्यात आले.

एका नौकेच्या पैशांत किती शाळा झाल्या असत्या, हे गणित मांडण्याची आपल्या चळवळीत जुनी रीत आहे. ते मी आज मांडणार नाही. नौका हवी की नको हे संसदेने ठरवावे. पण एकदा ठरल्यावर, खर्चिलेल्या रुपयांतून देशाच्या पदरात काय उरते, हे विचारणे अर्थशास्त्राचे काम आहे. आणि टक्केवारी त्याचे उत्तर देत नाही. ‘सुरत’ची गॅस टर्बाइने युक्रेनची आहेत, ‘निलगिरी’च्या टर्बाइनांचा मूळ आराखडा अमेरिकी आहे, ही गोष्ट आहेच. त्याहून महत्त्वाचे असे की, टक्केवारी झालेल्या नौकेचे मूल्य मोजते. पुढची नौका बांधण्याची शक्ती आपल्याजवळ उरली आहे काय, हे तिला ठाऊक नसते.

याचा एक जिवंत प्रयोग याच गोदीत घडून गेला आहे. १९३४ साली नोंदलेली ही खाजगी कंपनी १९६० साली सरकारने ताब्यात घेतली. ब्रिटिश आराखड्यावरून पहिली ‘निलगिरी’ येथे बांधली गेली; ती ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली. पाठोपाठ त्याच जातीच्या आणखी पाच फ्रिगेटी, १९८१ पर्यंत. काम तुटले नाही, म्हणून हात बसत गेले. १९८३ साली ‘गोदावरी’ आली, आणि ब्रिटिश धाटणीची यंत्रे व रशियन क्षेपणास्त्रे एकाच नौकेत बसविण्याचे धाडस आपल्या आराखडेकारांनी केले. मग १९९७ ची ‘दिल्ली’, २०१० ची ‘शिवालिक’, २०१४ ची ‘कोलकाता’. नव्या ‘निलगिरी’चा वंश हा असा आहे. बारा वर्षे थांबून पहिली फ्रिगेट बांधण्याचा धीर कोणत्या खाजगी भागधारकाने दाखविला असता?

आता त्याच कुंपणाच्या आतली दुसरी कथा ऐका. १९८१ च्या अखेरीस पश्चिम जर्मनीतील एचडीडब्ल्यू या कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कील येथे व दोन माझगावात बांधायच्या. पाणबुडीच्या दाबकवचाचे वेल्डिंग हे साधे काम नव्हे. एकेक सांधा क्ष-किरणांखाली तपासला जातो, कारण खोल पाण्यात एका भेगेची किंमत सगळ्या खलाशांच्या प्राणांनी चुकवावी लागते. आपले कामगार हे काम शिकले. ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये दाखल झाली. पण १९८७ मध्येच दलालीचे प्रकरण उघडकीला आले होते. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचा आदेश दिला, आणि तो योग्यच होता; त्यासाठी त्यांनी मंत्रिपदही गमावले. पुढे मात्र वाढीव दोन पाणबुड्यांचे काम सोडून देण्यात आले. दलालांपैकी कोणाला शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली ती वेल्डरच्या हाताला.

कुशल वेल्डरची पात्रता, सहा महिने त्या प्रकारचे काम केले नाही तर, नियमानेच संपते. इथे अकरा वर्षे गेली. २००५ साली फ्रेंचांशी सहा पाणबुड्यांचा करार झाला तेव्हा ओनामा पुन्हा गिरवावा लागला. २०१२ साली अपेक्षित असलेली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये आली. मूळ १८,७९८ कोटी रुपयांचा खर्च २३,५६२ कोटींवर गेला. सारी वाढ एवढ्या एका कारणाने झाली असे मी म्हणत नाही. आयात सामग्रीच्या किमतींचाही त्यात मोठा भाग होता. परंतु मोडलेल्या कसबाची किंमत कोणत्याच रकान्यात दाखविलेली नाही.

‘वाघशीर’ ही त्या सहांतली शेवटची. १५ जानेवारीला तिची पताका चढली तेव्हा पुढच्या एकाही पाणबुडीच्या करारावर सही झालेली नव्हती. त्या दिवशीच्या टाळ्यांत हे कोणाला ऐकू आले असेल असे वाटत नाही.

आणि हे कसब ज्यांच्या बोटांत आहे त्यांचे काय? कायम नोकरीऐवजी ठरावीक मुदतीच्या करारावर फिटर, वेल्डर भरण्याच्या गोदीच्या जाहिराती तुमच्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. अर्जही केले असतील. २०२० साली सरकारने गोदीचे भाग बाजारात विकले. भागधारक तिमाहीचा नफा पाहतो, आणि रिकाम्या हातांनी पुढच्या पाणबुडीची वाट पाहणारा वेल्डर त्याच्या लेखी निव्वळ खर्च असतो. संरक्षणाच्या दृष्टीने तो राखीव साठा आहे. दारूगोळ्याचा साठा न वापरता पडून राहिला म्हणून त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही.

तेव्हा गोदी कामगारांच्या संघटनांनी वेतनाच्या वाटाघाटींत आणखी एक कलम मांडावे, असे मला सुचवायचे आहे. युद्धनौकेच्या प्रत्येक करारात त्या कामावर किती कारागीर तयार होणार, त्यांतले किती कायम होणार, आणि नौका सुपूर्द झाल्यानंतर दुसरे काम येईपर्यंत त्यांना कोठे व कोणत्या वेतनावर ठेवणार, हे लिहिलेले असावे. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीकडे हे कलम निवेदनाच्या रूपाने पाठविता येईल. मसुदा करायला मी तयार आहे. आकडे मात्र तुम्ही आपापल्या खात्यातून आणायचे.