अंगणातील कीटक आणि हौशी निरीक्षक



घराच्या अंगणात, गोठ्याच्या भिंतीवर, परसातल्या लिंबावर आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली कीटकांचा मोठा संसार बारमाही चाललेला असतो. माणसाचे त्याच्याकडे लक्ष जाते ते बहुधा दोनच प्रसंगी : कीटक चावला तर, किंवा त्याने पीक खाल्ले तर. अशा वेळी अपराधी कोण याची चौकशी न होताच शिक्षा होते. अळी दिसली की औषधाचा पंप पाठीवर चढतो. ती अळी पान खाणारी आहे की पान खाणाऱ्या किडीला खाणारी, हा प्रश्न मागेच राहतो. ओळख आधी आणि उपाय नंतर, हा क्रम रुजविण्याचे सामर्थ्य कीटक न्याहाळण्याच्या साध्या छंदात आहे.

पश्चिम किनाऱ्यावर या छंदाची परंपरा जुनी आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते. याच आठ जणांपैकी एक एडवर्ड एटकेन. त्यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यात झाला आणि नोकरी मीठ व जकात खात्यात. गोव्याच्या दक्षिणेस लागून असलेल्या कारवार जिल्ह्यात त्यांना दोन सोबती मिळाले : जिल्हाधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि वनाधिकारी टी. आर. बेल. या तिघांनी मिळून त्या जिल्ह्यातील फुलपाखरांवर लिहिलेली लेखमाला १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिघेही सरकारी नोकर. फिरतीवर असताना जे दिसले ते त्यांनी टिपून ठेवले.

त्यांच्या कामाचे खरे मोल पकडलेल्या फुलपाखरांच्या संख्येत नाही. त्यांनी अळ्या घरी आणून वाढविल्या. कोणती अळी कोणत्या झाडाचा पाला खाते, कोश कसा बांधते आणि त्यातून कोण बाहेर पडते, याच्या बारकाईने नोंदी केल्या. हे काम आज कोणत्याही घरी होऊ शकते. लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा काळापांढरा ठिपका आढळतो. तो ठिपका म्हणजे लिंबावरील फुलपाखराची लहान अळी होय. भक्षकाला फसविण्यासाठी तिने ते रूप घेतलेले असते. मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि डिवचल्यास डोक्यामागून दुबेळक्यासारखा, उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. पुढे ती कोशात जाते आणि काही दिवसांनी त्यातून काळ्यापिवळ्या नक्षीचे फुलपाखरू उडते. वर्गातल्या एका काचेच्या बरणीत आणि रोजच्या ताज्या पानांवर हा सारा पाठ मुलांना प्रत्यक्ष शिकता येतो.

बेल आणि एटकेन यांच्याजवळ नव्हते असे एक साधन आज खेड्यापाड्यांत पोचले आहे, ते म्हणजे मोबाइलमधील कॅमेरा. मात्र केवळ सुंदर छायाचित्र म्हणजे नोंद नव्हे. कीटक वरून, बाजूने आणि डोक्याकडून असा तीन अंगांनी टिपावा. तो ज्या झाडावर बसला आहे ते झाड आणि त्याचे खाल्लेले पान हेही चित्रात यावे. गावाचे नाव, तारीख आणि वेळ वहीत लिहावी. बंगळूरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्राशी संलग्न असा भारतीय फुलपाखरांचा जो संग्रह इंटरनेटवर आहे, त्यात हौशी मंडळींनी पाठविलेल्या अशाच छायाचित्रांचा मोठा वाटा आहे.

अशा नोंदींची निकड २०१८ साली स्पष्ट झाली. मूळची अमेरिकेतील लष्करी अळी त्या वर्षी मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्गा भागातील मक्यावर प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण आणि शेपटीकडे चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके, ही तिची ओळख. एकदा ती मक्याच्या पोंग्यात शिरली की औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून पानांवर अंड्यांचे पुंजके आणि बारीक अळ्या असतानाच तिला ओळखणे हाच खरा बचाव. शेताच्या बांधावर काढलेले एक स्पष्ट छायाचित्र कृषी अधिकाऱ्याकडे त्याच दिवशी पोचले, तर अख्खे शिवार वाचू शकते.

याउलट, ओळख नसल्यामुळे मित्रही मारला जातो. ढालकिड्याची अळी काळी, खरबरीत आणि सुसरीच्या पिलासारखी दिसते. अंगावर नारिंगी ठिपके असतात. तिच्या या रूपाला भिऊन शेतकरी तिच्यावर फवारा मारतो. वास्तविक ती पिकावरचा मावा खात असते. ती मेली की मावा बिनधास्त वाढतो, आणि त्यासाठी पुन्हा फवारणी करावी लागते. औषधाचा खर्च दुप्पट होतो, आणि फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांचाही बळी जातो. चतुराची पिले पाण्यात डासांच्या अळ्या खातात, हेही कित्येकांना ठाऊक नसते.

या छंदाला संयमाची जोड हवी. छायाचित्रासाठी कीटकाला टाचणी टोचू नये, थंडीने बधिर करू नये, फांदी तोडू नये. पाहण्यासाठी आणलेली अळी फुलपाखरू झाल्यावर ज्या झाडावरून आणली तेथेच सोडावी. काही फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही ध्यानात ठेवावे.

प्रत्येक शाळेने एक नोंदवही ठेवावी. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर दिव्याभोवती कोणते कीटक आले, भाताच्या खाचरावर चतुर कधी दिसू लागले, काजूच्या मोहोरावर कोण बसले, हे मुलांनी तारखेसह लिहावे. ग्रामसेवकाने व कृषी सहायकाने महिन्यातून एकदा ती वही चाळावी. पाच-दहा वर्षांनी त्या वहीतून गावाला स्वतःच्या शिवाराचा इतिहास वाचता येईल; आणि अळी दिसताच पंपाकडे जाणारा हात आधी त्या वहीकडे जाईल.