आसनाचा सातबारा

(मुंबईतल्या एका वस्तीत तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापलं आहे.)



मला विषय दिलाय, 'योगावर मालकी कुणाची?' विषय ऐकून मागं बसलेली दोन पोरं हसली. बरोबर हसली. ज्याच्या खोलीत आडवं व्हायला जागा नाही, त्याला शवासनाची मालकी काय विचारता? पण मालकीचा शब्द आला की आपण कान टवकारले पाहिजेत. आपल्या बापजाद्यांना जे जे नाकारलं, ते सगळं कुणाच्या तरी मालकीचंच होतं.

आधी माझं सांगतो. बारावीनंतर दोन वर्षं मी उपनगरातल्या एका योगवर्गात कामाला होतो. पहाटे पाचला दार उघडायचं, लादी पुसायची, चटया अंथरायच्या, वर्ग सुटला की गुंडाळायच्या. बघून बघून सगळी आसनं पाठ झाली. एक दिवस सगळे गेल्यावर मी रिकाम्या चटईवर बसून पश्चिमोत्तानासन केलं. मालक आले. ओरडले नाहीत. गोड आवाजात म्हणाले, "ती चटई तेवढी आता धुऊन टाक." तेव्हापासून योग म्हटलं की मला श्वास आठवत नाही, चटई आठवते.

आता अमेरिकेतली गोष्ट. बिक्रम चौधरी नावाचा कलकत्त्याचा गृहस्थ. त्यानं २६ आसनं आणि श्वासाचे दोन प्रकार एका क्रमात बसवले, तापवलेल्या खोलीत शिकवले, १९७९ मध्ये पुस्तक काढलं. मग म्हणाला, हा क्रम माझा. त्याच्याकडंच शिकलेल्या दोघांनी स्वतःचे वर्ग काढले तर २०११ मध्ये यानं त्यांना कोर्टात खेचलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं निकाल दिला. पुस्तकातल्या शब्दांवर तुझा हक्क आहे, पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीवर नाही. शरीर बरं राखायची रीत कॉपीराइटमध्ये येत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर पाककृतीचं पुस्तक चोरून छापू नका, पण त्यातली भाजी कुणीही करावी. सरळ हिशोब.

आपलं सरकारही गप्प बसलेलं नव्हतं. जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, ते आपल्या शास्त्रज्ञांनी लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. मग २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध, पुढं योग. परदेशी पेटंट कचेरीला दाखवता यावं की बाबा, हे जुनंच आहे. काम चांगलं आहे. मी टाळी वाजवतो, पण एकाच हातानं. हे ज्ञान इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी अशा पाच भाषांत मांडलंय. परदेशी कचेऱ्यांसाठी आहे, म्हणून तेही मान्य. पण घेतलं कुठून? पोथ्यांतून. ज्याच्या हाती पोथी, त्याचं ज्ञान परंपरा झालं. ज्यानं ते अंगात सांभाळलं, त्याचं काय?

आणि पोथ्याच काढायच्या तर काढा की! 'हठप्रदीपिके'त गुरूंची यादी आहे. मत्स्येंद्र, गोरक्ष ही नावं आघाडीला. 'दत्तात्रेययोगशास्त्र' ब्राह्मणाबरोबर श्रमण, बौद्ध, कापालिक, चार्वाक या सगळ्यांना दार उघडं ठेवतं. श्वासावर ध्यान ठेवायला तर तथागतानं भिक्खूंना शिकवलं, आनापानसती.

त्याच गोरक्षाचं नाव घेत भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी आपल्या राज्यात भटक्या जमातीत मोडतात. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. पोरं पळवणारे आले, एवढ्या अफवेवर जमावानं पाच डवरी गोसाव्यांना ठेचून मारलं. पोट भरायला मंगळवेढ्याकडून आलेली माणसं. दहाच दिवस आधी, २१ जूनला, देशभर योगदिन झाला होता. गोरक्षाची आसनं मैदानात, गोरक्षाची माणसं मातीत.

डोंबाऱ्याची पोर बघा. रस्त्यावर पाठ मागं वाकवून डोक्याला पाय लावते. तेच अंग हॉलमध्ये वाकलं तर वारसा. २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीतही योग गेला. रस्त्यावर वाकलं तर? १९५९ चा मुंबईचा भीकबंदी कायदा वाचा. गाणं, नाच, भविष्य, खेळ दाखवून पैसे मागणं, सगळं भिकेत धरलंय. कमरेचा बाक एकच. एकाला पदक, दुसऱ्याला पोलीस.

मग आपण काय म्हणायचं? योगाचा सातबारा आमच्या नावावर करा? नाही. बाबासाहेबांनी चवदार तळं महारांच्या नावावर मागितलं नव्हतं. सवर्ण कोर्टात गेले होते, तळं आमचं, वहिवाट आमची म्हणून. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्यांचं अपील फेटाळलं. तळं नगरपालिकेचं, आणि बहिष्काराची वहिवाट शाबीत झाली नाही. ज्ञान तळ्यासारखं आहे. बिक्रमनं कुंपण घालू नये, अमेरिकेनं घालू नये, आणि 'आमची प्राचीन संस्कृती' म्हणत इथल्या कुणीही घालू नये.

कुणी विचारील, मग कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन कशाला? २०१९ मध्ये मिळालं ना ते? विचारा, जरूर विचारा. तळ्यातलं पाणी वेगळं आणि पाणी वाहणाऱ्याची मजुरी वेगळी. आसन दुसऱ्यानं केलं म्हणून माझं आसन कमी होत नाही. चपलेची नक्कल दुसऱ्यानं विकली तर चर्मकाराच्या ताटातली भाकरी कमी होते. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं तसलीच चप्पल मिलानमध्ये मिरवली. इथले वकील हायकोर्टात गेले. जुलैमध्ये याचिका फेटाळली गेली. नोंदणीकृत मालक तुम्ही नाही, ज्याची नोंदणी आहे त्यानं यावं. नोंदणी कुणाची? महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या दोन सरकारी महामंडळांची. चामडं कमावून ज्याच्या हाताला वास लागला, त्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घालावं. मालकाच्या रकान्यात तो नाही.

म्हणून मागणी दोन ओळींची. ज्ञानाला मालक नको. मजुरीला मालक हवा, आणि तो मजूरच हवा. डोंबाऱ्याचा खेळ भिकेच्या व्याख्येतून काढा. मानांकनाच्या टेबलाशी कारागिराला बसवा, दाराशी नको.

आणि पोरांनो, उद्यापासून इथं, याच हॉलात, पहाटे साडेपाचला आसनं शिकवणार आहे. मी शिकवणार. फी नाही. चटया कमी आहेत, एकीवर दोघं बसू. धुवायची भानगड नाही.

जयभीम.