जट, ड्रेडलॉक्स आणि आजीचं नाक

आज माझ्या डोक्याबद्दल बोलायचंय. आत काय आहे ते सोडा, वर काय आहे त्याबद्दल.

या बटा घालून मला चौदा महिने झाले. दिल्लीत करून घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी घरी गेले. घर म्हणजे बरुआसागर, झाशीजवळ. तलाव, किल्ला आणि आल्याचा बाजार असलेलं गाव. आजोबा रेल्वेत होते, म्हणून आम्ही तिथले. आजी मात्र गडहिंग्लजकडची. तिनं दार उघडलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पोरी, देवीचं बोलावणं आलं का गं तुला?"

मी हसले. ती हसली नाही.

तिच्या थोरल्या बहिणीला अकराव्या वर्षी जट आली होती. केस गुंतले, एवढंच झालं होतं. पण घरच्यांनी त्याचा अर्थ सौंदत्तीच्या यल्लम्माशी जोडला. मग फणी बंद, कात्री बंद, वर भंडारा. पुढं तिला देवीला सोडली. आजीला त्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर वास. आणि बहिणीची एका बाजूला झुकलेली मान.

आपल्याकडे हा विषय जुना नाही. महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा आला 2005 साली, जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर. पुण्याच्या नंदिनी जाधव, एकेकाळी ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या, आजही अंधश्रद्धा निर्मूलन समितीतर्फे बायकांची जट सोडवतात. कापायला फार वेळ लागत नाही, कापू द्यायला तयार करण्यात वेळ जातो. आणि हे फक्त आपलंच नाही बरं का. पोलंडमध्येही अशी गुंतलेली जट कापली तर माणूस आजारी पडतो असं मानत. एकोणिसाव्या शतकात क्राकूवच्या योझेफ दीट्ल या डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली.

आता माझं. बटा करून देणाऱ्यानं बजावलं होतं, "महिनाभर पाणी लावायचं नाही, नाहीतर सुटतील." वर मेणही थापलं होतं. दहाव्या दिवशी मी पेन्सिलीनं डोकं खाजवत बसले होते. आजी बघत होती. म्हणाली, "जटेलाही हेच सांगायचे. पाणी लावू नको."

त्या एका वाक्यानं मी उठले आणि बादली भरली.

आता नीट ऐका, कारण नवीन बटा ठेवणाऱ्या प्रत्येकाची इथंच गडबड होते. केस मळके ठेवले की बटा लवकर धरतात, हे साफ खोटं. तेलकट केस एकमेकांवरून घसरतात, स्वच्छ कोरडे केस एकमेकांना पकडतात. पहिला आठवडाभर थांबा, हवं तर थोडं जास्त, पण मग धुवाच. नंतर साधारण आठवड्यातून एकदा. शाम्पू असा घ्या जो चिकट थर मागे ठेवत नाही, आणि मगभर पाण्यात पातळ करून घ्या. तो बटांवर नाही, बटांच्या मधल्या भांगांत ओता. बोटांच्या टोकांनी, नखांनी नाही, टाळू चोळा. खाली उतरणाऱ्या फेसानं बट फक्त दाबायची, जुना स्वेटर दाबतो तशी. घासायची नाही. नव्या बटा वाटत असेल तर सैल रबरानं चार-पाच जुड्यांत बांधून घ्या. मग पाणी, पुन्हा पाणी. तुम्हाला पुरे वाटेल त्याच्या दुप्पट.

आजीनं शिकेकाई काढली होती. पूड नको, तिचे कण बटेत अडकून बसतात. रिठ्याचं पाणी दोनदा फडक्यातून गाळून चालतं. कंडिशनर नको, मेण तर नकोच. माझं मेण निघायला तीन महिने लागले. खाण्याच्या सोड्यानं रोज धुवा म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. टाळू कोरडी पडते. शेजारच्या काकूंनी आल्याचा रस सुचवला. बरुआसागरात प्रत्येक दुखण्यावर आलं असतंच. खाजऱ्या टाळूवर लावून बघू नका, मी बघितलंय.

आणि वाळवणं. धुण्यापेक्षा हे मोठं काम. टॉवेलनं एकेक बट पिळा, उन्हात बसा, पावसाळ्यात ड्रायर लावा. ओल्या बटांनी झोपायचं नाही. मी जुलैत एकदा झोपले. चार दिवसांनी बटांच्या पोटातून कोंदट वास यायला लागला. आजीला तो दारातूनच कळला. ती काही बोलली नाही, आत निघून गेली. त्या दिवशी मी दोनदा धुतलं आणि संध्याकाळपर्यंत गच्चीवर बसून राहिले.

बटा करताना केसांचे चौकोन पाडतात, प्रत्येक दोन बटांमध्ये टाळू दिसते, म्हणून पाणी पोचतं. जट मुळापर्यंत एकच गोळा असते. हे आजीला दाखवायला मी तिचं बोट धरून माझ्या भांगातून फिरवलं. तिनं बराच वेळ फिरवलं. मग विचारलं, "तिची धुतली असती तर सुटली असती?"

मी खरं सांगितलं. नाही, कापावीच लागली असती.

"आम्ही कापू दिली नाही," आजी म्हणाली.

आता रविवारी मी धुते तेव्हा मगानं पाणी तीच ओतते. आणि वाळल्यावर एकेक बट नाकाशी धरून बघते. माझी परीक्षा असते ती. मागच्या रविवारी डावीकडच्या दोन बटा नापास झाल्या, परत उन्हात बसवलं.